हरायला उतरवलेली

"आज तू सुरुवातीपासून खेळायचं," सर म्हणाले. अख्खा मोसम मी बाकावर काढला होता. आज तिथे आमच्या पाच हुकमी मुली बसल्या होत्या, धडधाकट गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून.

हा शेवटचा साखळी सामना हरलो तर उपांत्य फेरीत दुबळा संघ मिळणार होता, जिंकलो तर गतविजेता. म्हणजे सरांनी माझ्यावर पहिल्यांदाच भरवसा टाकला होता, तोही हरण्यासाठी.

चार सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने मागे. चेंडू माझ्या हातात आला, तेव्हा सर निवांत पाणी पीत होते. मी बास्केट केली.

"उद्या गतविजेत्यांशी कोण खेळणार?" सर माझ्यावर खेकसले.

मी बाकाकडे बघितलं. "या पाचजणी खेळतील की, सर. विश्रांती झालीय त्यांची."