मेलेल्या राक्षसाची शिट्टी

इस्तारी ढिवराला धनुर्वात झाला, तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात त्याच्या गळ्यातून श्वासनळीत नळी बसवली होती. त्याची बायको कुंता महिनाभर रबरी पिशवी दाबून दाबून त्याला श्वास देत राहिली. माणूस वाचला, पण नळी होती तिथं आतून श्वासनळी आकसली आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजू लागली.

दम लागायचा, त्याचं इस्तारीला काही नव्हतं. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या नाटकात तो दरसाल राक्षस व्हायचा, आणि आता मरून पडलेला राक्षस सूंऽ सूंऽ वाजायचा. लोक पोट धरून हसायचे. वैतागून तो कुंताला काही न सांगता एकटाच पुन्हा नागपूरला गेला, आकसलेली जागा रुंद करून घेतली आणि मोटारीतून उतरला तो घरी न जाता थेट मंडईत.

त्या दुपारी राक्षस असा मेला, की सारी मंडई चिडीचूप. मिटल्या डोळ्यांनी इस्तारी मनातल्या मनात फुगला. तेवढ्यात बायांमधून कुंता धावत आली आणि त्याला गदागदा हलवू लागली.

"अवो, वाजून काऊन नाई राह्यले? वाजा ना जी!"

यावेळी कोणी हसलं नाही.

मेलेल्या राक्षसाला डोळे उघडता येईनात, बोलता येईना. त्यानं हळूच ओठांचा चंबू केला आणि फक्त तिला ऐकू जाईल अशी शिट्टी वाजवली.