पहिल्या रांगेतली खुर्ची

"निनाद आला का रे?" मेकअप करता करता रेवतीने विचारलं. "पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवलीय ना त्याची?"

"ठेवलीय की," तन्वीर गिटार जुळवत म्हणाला.

निनाद तिचा धाकटा भाऊ. अल्बमचं शेवटचं गाणं रेकॉर्ड होत असताना तो अपघातात गेल्याचा फोन आला होता. रेवती फोन ठेवून पुन्हा माइकपुढे उभी राहिली आणि गायली. त्या आवाजामुळे त्यांच्या छोट्याशा बँडला लोक ओळखू लागले. नंतर तिला झोप लागेना, तेव्हा ती बातमी आठवणीतून पुसणारं इंजेक्शन तिने स्वतःच मागून घेतलं. त्यापुढची इंजेक्शनं मात्र बँडने ठरवलेली. बातमी ताजी असल्याशिवाय तो आवाज लागतच नव्हता.

शेवटच्या गाण्याआधी तन्वीर तिच्या कानाशी वाकला. सभागृह चिडीचूप झालं. लोक याचसाठी आले होते. त्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारची तिकिटं सगळ्यांत आधी संपायची. तन्वीरने हळूच सांगितलं. रेवतीने खुर्चीकडे पाहिलं आणि ती गायली. लोक ढसाढसा रडले.

विंगेत येताच ती खाली बसली. "मला कुणी आधी का नाही सांगितलं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिथे इंजेक्शन घेऊन थांबलेल्या डॉक्टरांनी तिची बाही वर सारली.

बाहेर टाळ्यांच्या ठेक्यावर 'वन्स मोअर' सुरू झालं होतं.

थोड्या वेळाने रेवती परत स्टेजवर आली, पहिल्या रांगेकडे पाहून हसली आणि तन्वीरला म्हणाली, "अजून नाही का रे आला?"