खोलीत एकटी

पडद्यावर रेणुकाचा पदर पुन्हा डोक्यावर गेला.

“कोयता कोणाच्या हातात होता?” सरकारी वकिलांनी विचारलं.

“बालाजीच्या.”

बीदरच्या कोर्टात, आरोपीच्या पिंजऱ्यात बालाजीनं डोळे मिटले. रेणुकाच्या नवऱ्याच्या खुनाचा आळ त्याच्यावर होता, आणि डोळ्यांनी पाहणारी हीच एकटी. तिचा शब्द टिकला तर जन्मठेप. सुनेला बीदरपर्यंत येववत नाही, असा सासऱ्याचा, ग्यानबाचा अर्ज होता. नव्या कायद्यात सोय आहे. म्हणून ती गावाजवळच्या केंद्रात कॅमेऱ्यासमोर बसून साक्ष देत होती.

उलटतपासणीला बचावाच्या वकील प्रणिता उठल्या. मागून बालाजीची आई चंद्रभागाबाई कुजबुजली, “विचारा की वो अक्का! कामून गप हाव?”

प्रणिता पदराकडे बघत होत्या. शपथ घेताना रेणुकाचं डोकं उघडं होतं. खोलीत आणखी कोण आहे, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हाही. “कोणी न्हाई, एकलीच हाय,” ती म्हणाली होती. मग कुठंतरी दार करकरलं आणि पदर वर आला. आता पंख्यानं तो घसरला, की ती कॅमेऱ्याच्या बाजूला बघून झटकन ओढायची. न्यायाधीशांसाठी नाही. सरकारी वकिलांसाठी तर नाहीच. प्रणिताही याच मुलखात सून म्हणून नांदल्या होत्या. वकिलीची सनद घरी आणली, त्या दिवशीसुद्धा सासऱ्यांच्या हातावर पेढा ठेवला होता तो पदर सावरूनच.

त्यांनी कागद बाजूला सारले. माइकजवळ वाकून, दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं त्या म्हणाल्या, “रामराम, मामा. कवाधरनं उभं हाव? बसा की.”

“ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. बरं हाय मी हितंच,” पडद्याबाहेरून उत्तर आलं.

मागच्या तारखेला याच आवाजानं इथं साक्ष दिली होती. ग्यानबा!

आक्षेप घ्यायला उठलेले सरकारी वकील हळूच खाली बसले. न्यायाधीश मात्र खुर्चीतून अर्धे उठले. “त्यांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता.” केंद्रातल्या शिपायाला हाक गेली. पडद्यावर त्यातलं काही दिसलं नाही. नुसती पावलं वाजली, कुणीतरी पुटपुटलं, दार लागलं.

रेणुका त्या दाराकडे बघत राहिली. कडी बसल्याचा आवाज आला, तेव्हा तिनं पदर डोक्यावरून काढून खांद्यावर घेतला, आणि पहिल्यांदाच सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

“आता विचारा, अक्का. कोयता कोणाच्या हातात व्हता, ते आता विचारा.”