रविराजची जागा

"मावशी, तुम्ही जामखेडच्या ना? रविराजच्या घरच्या?" हॉलच्या दारातच रेश्मानं विचारलं.

"व्हय, जामखेडची," चांगुणाबाई म्हणाल्या. कार्यक्रमाची बातमी छापून आलेला पेपरचा तुकडा त्यांच्या मुठीत होता.

रेश्माचे डोळे भरून आले. तिनं हाताला धरून त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. नगरमधल्या एका कॉलेजचा हा छोटा हॉल, माणसं तीस-चाळीसच. टेबलावर वायरींचं जंजाळ, बटणांच्या पेट्या, लुकलुकणारे दिवे. शेजारी रविराजचा हार घातलेला फोटो. तो चेहरा चांगुणाबाईंना पाठ होता. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"घरचं कुणी येईल असं वाटलंच नव्हतं," रेश्मा म्हणाली. "हे वाजवणं घरी पटत नाही, असं तो सांगायचा. म्हणून आम्ही कधी गावी आलो नाही. तो गेल्यावर तर धाडसच झालं नाही."

चांगुणाबाईंनी मुठीतला तुकडा उलगडून पुन्हा त्याची घडी घातली.

एडविन माईकपाशी आला. "आम्ही तिघं होतो, आता दोघं आहोत," तो म्हणाला. "काय वाजवायचं ते आमचं आधी ठरलेलं नसतं. एकानं आवाज काढायचा, बाकीच्यांनी तो ऐकून उत्तर द्यायचं. आज रविराजला जाऊन वर्ष झालं."

मग सुरू झालं. आधी विहिरीवरच्या मोटारीसारखी घरघर. तिच्यावर रेश्मानं एक बारीक शीळ सोडली, लांबून कुठून तरी येणारी. ताल नाही, गाणं नाही. चांगुणाबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. पण ही दोघं जिवाचा कान करून एकमेकांना ऐकताहेत, एवढं कळत होतं.

मधेच दोघं थांबत. हॉलभर शांतता. दोघंही टेबलाच्या रिकाम्या टोकाकडे बघत राहत. तिकडून उत्तर येत नसे. मग खाली मान घालून पुन्हा वाजवू लागत.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा चांगुणाबाईंना हुंदका आवरेना.

वर्ष झालं, चांगुणाबाई घरात दोन ताटं वाढत होत्या आणि एक तसंच भरलेलं उचलत होत्या. त्या दिवशी पोरगं चहा न घेताच घाईनं निघालं होतं. हाताला धरून थांबवलं असतं, घोटभर चहा पाजला असता, तर पाच मिनिटं उशीर झाला असता. पाच मिनिटांनी सगळं टळलं असतं. वर्षभर त्या एवढंच घोकत होत्या.

वाजवणं संपलं. माणसं गुपचूप उठून गेली. एडविन येऊन चांगुणाबाईंच्या समोर खालीच बसला.

"आई," तो म्हणाला, "त्याची एकच इच्छा होती. आईनं एकदा तरी येऊन ऐकावं. आज तुम्ही आलात. आता त्याला..." त्यानं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.

चांगुणाबाईंनी चटका बसल्यासारखे पाय मागं घेतले.

"नगं बाळा, माझ्या पाया नगं पडू," त्या म्हणाल्या. "त्याच्या आईला आणा, तिला ऐकवा. त्याला उडवलं त्यो टेम्पो माझं पोरगं चालवीत हुतं."