सशाचा पाव

"अर्धा तास आत जाणार आणि डबा बांधून नेणार?" हूब हसला.

"खाणीत जाणारा रिकाम्या हातानं जात नाही. तूच सांगायचास." फीननं चीज घातलेला पाव कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात कोंबला. "आणि तुझा ससा भेटला म्हणजे?"

कोळशाच्या खाणीतून घरी येताना हूब डब्यातला एक तुकडा मुद्दाम उरवून आणायचा. खाणीतल्या सशानं पाठवलाय म्हणायचा. घरातला ताजा पाव सोडून पोरं त्या शिळ्या, कोळशानं कचकचणाऱ्या तुकड्यासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटायची. त्यांच्या आईच्या, फीनच्या वाट्याला तो कधी आलाच नाही.

आज बघायला आलेली ही खाण मात्र चकमकीच्या दगडाची, हजारो वर्षांपूर्वीची. चुनखडीच्या टेकडीतून तिथवर जाणारा बोगदा हूबनं आणि त्याच्या खाणीतल्या दोस्तांनी सुट्टीच्या दिवशी हौसेनं खणला होता. आता तिथं म्युझियम होतं, आणि कोळशाच्या धुळीनं भरलेल्या त्याच्या छातीला आतली ओल सोसत नव्हती.

"बाई खाणीत शिरली की अपशकुन होतो," त्यानं शेवटचं अस्त्र काढलं.

"कोळसा संपला, तुमचे शकुनही संपले. बस त्या बाकावर."

हेल्मेट चढवून ती इतरांमागून आत गेली. लोखंडी दार लागलं. ऊन छान पडलं होतं. हूब पाय पसरून बसला.

थोड्या वेळानं दार उघडलं. डोळे चोळत सगळे बाहेर आले. फीन नव्हती.

"माझी बायको?"

"आणते हं, आजोबा," म्हणत वाट दाखवणारी पोरगी परत आत गेली. दार पुन्हा लागलं.

बोगद्याचे टेकू त्यानंच लावलेले, खडासुद्धा हलणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक. तरी हूब दारापाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. पूर्वी खाणीतली पाळी संपवून तो गल्लीत वळला की फीन खिडकीत उभी असायचीच. हिला दुसरा उद्योग नाही, म्हणून तो चिडवायचा. एवढी वर्षं ही बाई रोज अशी कशी उभी राहिली, तेच आता त्याला कळेना.

दार करकरलं. फीन आली. नाक, हनुवटी चुन्यानं पांढरी. तो यायचा तेव्हा काळा असायचा.

"कुठं मेली होतीस?" तो ओरडलाच.

"भिंतीवरचे त्या जुन्या खाणकऱ्यांचे घाव बघत होते. कालच मारल्यासारखे दिसतात रे." मग तिनं त्याचा चेहरा पाहिला. खिशातून तिनं पाव काढला. अर्धा खाल्लेला, चपटा झालेला. "घे. सशानं पाठवलाय."

हूबनं उभ्याउभ्याच घास घेतला. चुना दाताखाली कचकचला.

"मला देशील एक घास?"

हूबनं नाही म्हणून मान हलवली, तिच्याकडे पाठ केली आणि उरलेला सगळा तुकडा तोंडात कोंबला.