डाव्या दारावरचा ओरखडा

शनिवारी असेनोवग्रादच्या बाजारातून परतताना झ्लात्काची गाडी वळणावर घसरली आणि दगडी कुंपणावर आदळून घासत गेली. डाव्या दारावर वीतभर ओरखडा उठला. तिचा फोन येताच नवऱ्याने, वेसेलिनने, एकच विचारलं, "नुसता रंग गेलाय, की पत्राही चेपलाय?"

रविवारी त्याने गाडी द्राक्षाच्या मांडवाखाली लावली. दार साबणाने धुतलं आणि अगदी बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासायला घेतलं.

"जरा हळू," ओट्यावरून झ्लात्का म्हणाली, "दुखेल हो तिला."

"थट्टा नको. जोर लागला तर आतला पत्रा उघडा पडतो. अकरा वर्षं जपलंय मी हिला."

"दिसतंय ना. लग्नात माझा हातसुद्धा इतका हळुवार धरला नव्हतास."

त्याचं लक्षच नव्हतं. ताटातली बानित्सा निवून गेली, तरी तो मऊ फडक्याने पॉलिश चोळत राहिला. चार वाजता तो दोन पावलं मागे सरकला आणि डोळे बारीक करून दार न्याहाळू लागला. नातू झाला तेव्हाही त्याचा चेहरा इतका खुलला नव्हता.

"बघ झ्लात्के! इथे काही लागलं होतं, हे आता कोणाला कळणारही नाही."

झ्लात्काने डोक्याचा रुमाल मागे सरकवला. तिच्या कपाळावर शनिवारचे पाच टाके होते.

"डॉक्टरही हेच म्हणाले," ती म्हणाली.