क्लासचा नमुना

आमचे हे इंग्रजीचे क्लास घेतात. प्रवेशाच्या दिवशी पालकांसमोर मला उभं करतात. "हिच्या डोक्यात नुसता भुसा होता. हिला इंग्रजी आलं, तर तुमच्या मुलांना का नाही येणार?" मग मी यांनी घोटून घेतलेली वाक्यं पोपटासारखी म्हणते. 'माय हजबंड सेव्ह्ड मी फ्रॉम इग्नोरन्स.' 'माय हजबंड थँक्ड मी फॉर द टी.' चहाबद्दल यांनी जन्मात कधी आभार मानले नाहीत, ते सोडा. पालक माना डोलावतात आणि मुलांची नावं घालतात.

आज पुढे बसलेली एक आई म्हणाली, "ताई, ही पाठ केलेली वाटतात. एखादं तुमच्या मनाचं सांगा ना."

यांचा जीव टांगणीला लागला. मी सरळ यांच्याकडे बघत म्हटलं, "माय हजबंड किक्ड माय फादर आउट ऑफ द हाउस."

त्या आईने हातातला प्रवेशाचा फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"बघितलंत?" हे एकटेच टाळ्या वाजवत उठले. "क्रियापद भूतकाळात, प्रिपोझिशन जागच्या जागी. एकही चूक नाही!"